लाल वाइनचा स्वभाव आणि चित्रभाषा : एका विनिमय-कसोटीचा विचार

१

एका इंद्रियाला आलेला अनुभव दुसऱ्या इंद्रियाच्या माध्यमातून व्यक्त होऊ शकतो काय, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. मराठी समीक्षेच्या दृष्टीने तो केवळ तात्त्विक कुतूहलाचा विषय नाही. या समीक्षेची मूळ परिभाषाच जिभेच्या अनुभवावरून घेतलेली आहे. रस, आस्वाद, रसग्रहण, अभिरुची, रसिक हे सारे शब्द चवीशी निगडित आहेत. ज्या कृतींविषयी ते वापरले जातात त्या मात्र कानांनी ऐकावयाच्या किंवा डोळ्यांनी वाचावयाच्या असतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी, मराठी बोलांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपसांत कलह माजेल, अशी कल्पना आली आहे. तेथे हे इंद्रियांतर जाणीवपूर्वक योजलेले आहे आणि म्हणूनच ते प्रभावी ठरते. समीक्षेत मात्र तेच इंद्रियांतर इतके अंगवळणी पडले आहे की, ते रूपक आहे याचे भानही पुष्कळदा राहत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासावयाचा आहे. चवीच्या शब्दांत कलाकृतीचे वर्णन करण्याऐवजी, एखाद्या चवीचा स्वभाव कलाकृतीत उतरू शकतो काय, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी उत्तम लाल वाइन आणि चित्रकला यांचा संबंध निवडला आहे. या संबंधाचे एक दीर्घ आणि तपासण्याजोगे उदाहरण उपलब्ध आहे. फ्रान्सच्या बोर्दो परिसरातील शातो मूटाँ रॉथशिल्ड या द्राक्षमळ्याने १९४५ पासून, काही मोजके अपवाद वगळता, दरवर्षीच्या वाइनच्या लेबलासाठी एकेका चित्रकाराचे चित्र घेतले आहे. पाऊणशेहून अधिक वर्षांची ही मालिका म्हणजे एकाच मातीतील एकाच पेयाला निरनिराळ्या चित्रकारांचे सान्निध्य लाभल्याचा पुरावा होय. त्यातून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याचा विचार येथे केला आहे.

२

प्रथम ‘लाल वाइनचा स्वभाव’ म्हणजे काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतीय परंपरेने मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले आहेत. लाल वाइनमध्ये त्यांपैकी आम्ल आणि कषाय हे प्रमुख. तिक्ताची छटा मागे असते, आणि पक्व फळाच्या वासामुळे माधुर्याचा भास होतो, प्रत्यक्षात साखर जवळजवळ नसली तरी. यांतील कषाय, म्हणजे तुरटपणा, विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. द्राक्षाच्या साली, बिया आणि ओक लाकडाची पिंपे यांतून टॅनिन ही द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. ती लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात आणि तोंडाला कोरडेपणा आणतात. आधुनिक शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही बव्हंशी चव नसून स्पर्शसंवेदना आहे. याचा अर्थ असा की, ज्याला सामान्यतः ‘चव’ म्हटले जाते तो अनुभव मुळातच एकेंद्रिय नसतो. त्यात जीभ, नाक, स्पर्श आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, डोळाही सहभागी असतो.

दुसरी गोष्ट काळाची. उत्तम लाल वाइनचा अनुभव दोन अर्थांनी कालबद्ध आहे. एका घोटातही क्रम असतो. प्रथम वास, मग जिभेवरील फळाचा आणि आम्लाचा प्रवेश, मग तुरटपणाचा विस्तार आणि गिळल्यानंतर रेंगाळणारा शेष. याशिवाय बाटलीतील काळ असतो. वर्षानुवर्षे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी संयोग पावून मोठी संयुगे बनतात, त्यांतील काहींचा साका तळाशी बसतो, तुरटपणाची धार बोथट होते आणि जांभळट लाल रंग हळूहळू विटकरी छटेकडे झुकतो. म्हणून अशा वाइनचा स्वभाव सांगणे म्हणजे गुणांची यादी देणे नव्हे. कोणता गुण आधी येतो, कोणता कशाला तोलून धरतो आणि कशाचा शेवट कसा होतो, हे सांगणे होय.

येथे दोन पाश्चात्त्य भूमिकांची आठवण ठेवावी लागते. लेसिंगने १७६६ मधील ‘लाओकून’ या ग्रंथात चित्र ही अवकाशातील, तर काव्य ही काळातील कला मानली. या भेदानुसार क्रमाने उलगडणारा अनुभव चित्राच्या आवाक्याबाहेरचा ठरतो. कांटने १७९० मध्ये सुखद आणि सुंदर यांत भेद करताना कॅनरी बेटांवरील वाइनचेच उदाहरण घेतले. अशी वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ती ‘मला’ सुखद आहे असे म्हणावे, कारण तेथे इतरांच्या संमतीची अपेक्षा करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. कांटचा हा भेद मराठी वाचकाला रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे सुपरिचित आहे. या दोन्ही भूमिका जशाच्या तशा स्वीकारल्या तर प्रस्तुत प्रश्न येथेच संपतो. चव खासगी ठरते आणि चित्र स्थिर. परंतु मूटाँच्या लेबलांकडे पाहिल्यास प्रश्न इतका सहज संपत नाही.

३

शातो मूटाँ रॉथशिल्ड हा द्राक्षमळा मेदॉक भागातील पोइयाक या गावाजवळ आहे. जमीन खडेमिश्रित असून लागवडीचा सुमारे चार पंचमांश भाग काबर्ने सोव्हिन्याँ या जाड सालीच्या, टॅनिनयुक्त द्राक्षाचा आहे. नाथानिएल द रॉथशिल्ड यांनी हा मळा १८५३ मध्ये विकत घेतला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनानिमित्त झालेल्या वर्गीकरणात त्याला दुसरी श्रेणी मिळाली. १९२२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी बॅरन फिलिप यांनी सूत्रे हाती घेतली. त्या काळी वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांकडे जाई आणि व्यापारीच ती बाटल्यांत भरीत. संपूर्ण उत्पादन मळ्यातच बाटलीबंद करण्याचा निर्णय बॅरन फिलिप यांनी घेतला आणि १९२४ च्या वाइनसाठी जाँ कार्ल्यू या भित्तिपत्रकाराकडून लेबल करून घेतले. मेंढ्याचे मस्तक आणि रॉथशिल्ड घराण्याचे पाच बाण यांची घनवादी मांडणी त्यात होती. हे लेबल व्यापाऱ्यांना रुचले नाही आणि हा प्रयोग तेव्हा तेथेच थांबला.

या इतिहासातील एक मुद्दा महत्त्वाचा आहे. लेबलावर चित्र आले ते वाइनची चव सांगण्यासाठी नव्हे. बाटलीतील द्रव कोणाच्या हातून आला, याची जबाबदारी मळ्याने प्रथमच स्वतःकडे घेतली, आणि चित्र हे त्या जबाबदारीच्या स्वाक्षरीसारखे होते. पर्सच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते सादृश्यावर आधारलेले चिन्ह नसून उगमाचा निर्देश करणारे चिन्ह होते.

१९४५ चे लेबल याच दिशेने पुढे जाते. फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराने विजयाचे सूचक असे ‘व्ही’ हे रोमन अक्षर चित्रित केले. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी पडलेल्या हिमतुषारामुळे पीक अल्प आले. परंतु जे आले त्यापासून झालेली वाइन शतकातील श्रेष्ठ वाइनपैकी एक मानली जाते. अल्प फळांत एकवटलेला अर्क आणि दीर्घायुषी तुरटपणा हा तिचा स्वभाव होय. लेबलावर मात्र यांतील काहीही नाही. तेथे आहे ते वर्ष, आणि त्या वर्षाचा इतिहास. बॅरन फिलिप यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचा त्याच वर्षी मार्चमध्ये राव्हेन्सब्रुक येथील नाझी छळछावणीत मृत्यू झाला होता. ही गोष्ट माहीत असणाऱ्याला ते विजयचिन्ह निर्भेळ आनंदाचे वाटणार नाही. असे असूनही हा अर्थ चवीतून येत नाही. तो इतिहासाच्या ज्ञानातून येतो.

पुढे ब्राक (१९५५), दाली (१९५८), हेन्री मूर (१९६४), मिरो (१९६९), शागाल (१९७०) अशी नावे या मालिकेत येत गेली. चित्रकारांना मानधन म्हणून पैशांऐवजी वाइनच्या पेट्या देण्याची प्रथा पडली. विषयाचे स्वातंत्र्य होते. पण द्राक्षवेल, पानाचा आनंद आणि मेंढा हे विषय पुनःपुन्हा आलेले दिसतात. मेंढा येतो तो फ्रेंच भाषेतील श्लेषामुळे. ‘मूटाँ’ या शब्दाचा अर्थ मेंढा असा आहे, आणि बॅरन फिलिप यांची रासही मेष होती. म्हणजे या मालिकेतील सर्वाधिक ओळखीची प्रतिमा दृश्य अनुभवातून नव्हे, तर शब्दातून जन्मलेली आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही.

४

या चित्रांत वाइनचा स्वभाव व्यक्त झाला आहे काय, हे ठरविण्यासाठी संरचनावादी भाषाविज्ञानातील विनिमय-कसोटी उपयोगी पडते. एका घटकाच्या जागी दुसरा घटक ठेवल्यास अर्थ बदलत असेल, तर तो घटक अर्थवाहक असतो. बदलत नसेल, तर नसतो. ‘काळ’ या शब्दातील ‘क’च्या जागी ‘ग’ ठेवला की ‘गाळ’ हा निराळा शब्द होतो. म्हणून मराठीत हा भेद अर्थवाहक आहे. त्याचप्रमाणे एका वर्षाचे चित्र दुसऱ्या वर्षाच्या बाटलीवर लावले असता काही बिघडते काय, हा प्रश्न प्रत्येक लेबलाला विचारता येतो.

१९७३ चे लेबल या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी, जाक शिराक कृषिमंत्री असताना, मूटाँला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. १८५५ च्या वर्गीकरणाच्या इतिहासात असा बदल अत्यंत विरळा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिकासोचे निधन झाले. लेबलावर त्याच्या १९५९ मधील मदिरोत्सवाच्या चित्राची प्रतिकृती आदरांजली म्हणून छापण्यात आली. चित्र नर्तनाच्या जोमाने भरलेले आहे. वाइन मात्र तशी नव्हती. बोर्दोमधील तो हंगाम सामान्य प्रतीचा होता, आणि त्या वर्षीच्या वाइन हलक्या, लवकर पिण्याजोग्या ठरल्या. चित्र वाइनच्या चौदा वर्षे आधीचे असल्यामुळे ते तिच्याविषयी काही सांगत असण्याचा संभवच नाही. हे चित्र १९४५ च्या वाइनवर लावले असते तर ते अधिक शोभले असते, असेही म्हणता येईल. १९७१ च्या लेबलावरील कांदिन्स्कीच्या चित्राबाबत हाच आक्षेप आहे, कारण त्याचा मृत्यू १९४४ मध्येच झाला होता.

या मालिकेत दोन प्रसंग असेही आहेत की, जेथे ही कसोटी कल्पनेत नव्हे तर प्रत्यक्षात घडून आली. १९७८ च्या वाइनसाठी जाँ-पॉल रिओपेल याने दोन चित्रे दिली. दोन्ही पसंत पडल्याने ती त्याच वर्षाच्या बाटल्यांवर विभागून वापरण्यात आली. १९९३ च्या लेबलासाठी बाल्त्युस याने काढलेल्या निर्वस्त्र किशोरीच्या रेखाचित्रावर अमेरिकेत आक्षेप घेण्यात आला, तेव्हा तेथे पाठविलेल्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी ठेवण्यात आली. एकच वाइन, दोन चित्रे. एकच वाइन, एक चित्र आणि एक कोरी जागा. वाइनच्या स्वभावात यामुळे कोणताही फरक पडला नाही. फरक पडला तो संग्राहकांच्या दृष्टीने, म्हणजे बाटली या वस्तूच्या मूल्यात.

येथे आणखी एक अडचण लक्षात घ्यावी लागते. मूटाँची वाइन सुमारे दीड ते दोन वर्षे ओकच्या पिंपात राहते आणि नंतर बाटलीत भरली जाते. लेबल लागते तेव्हा ती तरुण असते. तिचा परिपक्व स्वभाव दहा, वीस किंवा अधिक वर्षांनंतर प्रकट होणार असतो. म्हणजे चित्रकाराने वाइन चाखली असली तरी, जिचे चित्रण करावयाचे ती अवस्था त्याच्यासमोर नसतेच.

एवढ्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. अमुक वर्षाच्या अमुक वाइनचे वैयक्तिक व्यक्तिमत्त्व ही चित्रे व्यक्त करीत नाहीत. ते काम लेबलावरील वर्षाचा आकडा करतो. रोलाँ बार्त याने १९६४ मध्ये जाहिरातचित्राचे विश्लेषण करताना दाखविले की, चित्राचे तरंगते अर्थ शेजारचा शब्द एका जागी स्थिर करतो. मूटाँच्या लेबलावरही चित्राला स्थिर करणारा घटक भाषिकच आहे.

५

मग रंगाचे काय? लाल वाइन आणि चित्र यांना जोडणारा सर्वांत स्वाभाविक दुवा रंग हाच वाटतो. या संदर्भात बोर्दो विद्यापीठाशी संबंधित मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन त्यांच्या वासाचे वर्णन करावयास सांगितले. नंतरच्या बैठकीत तीच पांढरी वाइन, गंधहीन रंगाने लाल करून, खऱ्या पांढऱ्या वाइनच्या शेजारी ठेवण्यात आली. विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी बव्हंशी लाल वाइनच्या वर्णनातील शब्द योजले. वाइनवर्णनांच्या भाषेची पाहणी करताना असेही दिसून आले की, लाल वाइनच्या वासासाठी लाल किंवा काळपट वस्तूंची नावे, तर पांढरीसाठी पिवळसर किंवा फिकट वस्तूंची नावे येतात.

या प्रयोगाचा साहित्यदृष्ट्या अर्थ असा की, चवीची भाषा आधीपासूनच डोळ्यांच्या ताब्यात असते. चव प्रथम शुद्ध स्वरूपात अनुभवली जाते आणि नंतर तिचे रंगात भाषांतर होते, असा क्रम नाही. रंग अनुभवातच शिरलेला असतो आणि शब्दाची निवड करून जातो. म्हणून लाल रंगाचे चित्र पाहून त्यात वाइन आहे असे वाटणे हा अभिव्यक्तीचा पुरावा मानता येत नाही. तेथे रंग केवळ साहचर्य जागे करतो. चेरीचे फळ, मखमल, रक्त, कुंकू यांपैकी कोणतेही साहचर्य तोच लाल रंग जागे करू शकतो.

मालिकेतील २००९ चे लेबल मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे. १९७९-८० च्या सुमारास शुद्ध रंगद्रव्याच्या भुकटीने मढविलेल्या त्यांच्या आकृत्यांपासून लाल हा त्यांच्या कलेचा प्रधान रंग राहिला आहे. लेबलावरील त्यांचे अमूर्त चित्रही लाल रंगाच्या प्रभावाखाली आहे. हा लाल बाटलीतल्या लालाशी जुळतो. पण तो त्यांच्या इतर कृतींतील लालाशीही तितकाच जुळतो. तो वाइनचा लाल की कपूर यांचा लाल, याचा निर्णय एकट्या रंगाच्या आधारे करता येत नाही.

६

गुणसादृश्याचा मार्ग असा बंद झाल्यानंतर दुसरी शक्यता उरते ती रचनासादृश्याची. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती मांडताना संवेदनांपेक्षा त्यांच्यातील संबंधांना, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांना, निर्णायक मानले. त्यांची उपपत्ती संपूर्णपणे न स्वीकारताही हा एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. दोन भिन्न इंद्रियांच्या संवेदना कधीच सारख्या असू शकत नाहीत. पण त्यांच्यातील संबंध सारखे असू शकतात. आम्लाची धार आणि फळाचा भरदारपणा यांतील विरोध जसा वाइनमध्ये तोलला जातो, तसा एखादा रेषात्मक ताण रंगाच्या विस्ताराने चित्रात तोलला जाऊ शकतो. नेल्सन गुडमन याने १९६८ मध्ये मांडलेली उदाहरणत्वाची संकल्पनाही याच दिशेने जाते. कलाकृती ज्या गुणाचा केवळ उल्लेख न करता तो स्वतः धारण करते आणि नमुन्याप्रमाणे पुढे करते, तो गुण ती व्यक्त करते.

या दृष्टीने मालिकेतील २०१३ चे ली उफान या कोरियन चित्रकाराचे लेबल पाहण्यासारखे आहे. त्यात द्राक्ष नाही, पेला नाही, मेंढाही नाही. एकच जांभळट लाल रंग अनिश्चित फिकटपणाकडून भरीव गडदपणाकडे जातो. १९७० च्या दशकातील चित्रांतही त्याने रंगात बुडविलेला कुंचला रंग संपेपर्यंत ओढून काळाची गती दृश्य केली होती. लेबलावर ती गती उलटी, म्हणजे पूर्णत्वाकडे जाणारी भासते. येथे रंग हा वाइनच्या रंगाची नक्कल म्हणून येत नाही. तो एक क्रम धारण करतो. हळूहळू गाढ होणे हा जो वाइनचा स्वभाव, तो येथे चित्राचाही स्वभाव झालेला आहे. विनिमय-कसोटी लावली तर हे चित्र २०१२ च्या बाटलीवरही चालेल. परंतु ते तत्काळ पिऊन संपवावयाच्या फिकट पांढऱ्या वाइनवर चालणार नाही. म्हणजे व्यक्तीपर्यंत नाही, तरी जातीपर्यंत त्याची अभिव्यक्ती पोहोचते.

असा क्रम चित्रात येऊ शकतो हे लेसिंगच्या भेदाला पूर्णतः मान्य झाले नसते. पण चित्रकारांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. फ्लॉरेन्स येथील उफिझी संग्रहालयातील काराव्हाज्योचे सुमारे १५९७ चे ‘बॅकस’ हे चित्र याचे उदाहरण आहे. मदिरेचा तो तरुण देव रुंद, उथळ पेला प्रेक्षकापुढे धरतो. पेल्यातील गडद लाल वाइनच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळाकार तरंग उमटलेले आहेत. हाताच्या सूक्ष्म कंपाचे ते दृश्य रूप होय. रंग आणि चकाकी यांनी द्रव दाखविला जातो. तरंगांनी मात्र क्षण दाखविला जातो. पेला नुकताच पुढे आला आहे आणि पाहणाऱ्याने अद्याप तो घेतलेला नाही, असा हा क्षण आहे. येथे चवीचे चित्रण नाही, चवीपूर्वीच्या निमंत्रणाचे आहे. आणि ते स्थिर चित्रात काळाचा एक अंश आणून साधले आहे.

वाइनचा विषयही न घेता तिच्या स्वभावाच्या अधिक जवळ जाणारे उदाहरण मार्क रॉथकोच्या उत्तरकालीन चित्रांत सापडते. १९५८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील फोर सीझन्स या उपाहारगृहासाठी चित्रमालिका स्वीकारली. सीग्रॅम ही मद्यनिर्मिती करणारी कंपनी होती, हा निव्वळ योगायोग. पुढे त्याने हे काम नाकारून चित्रे परत घेतली आणि त्यांतील नऊ चित्रे १९७० मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयात आली. गडद किरमिजी, मरून आणि काळा अशा एकमेकांत मुरणाऱ्या पातळ थरांनी ती बनलेली आहेत. मंद प्रकाशात प्रथम केवळ काळोख दिसतो. डोळा स्थिरावला की थरांमागचे थर प्रकट होतात, कडा निवतात आणि पाहणे संपल्यानंतरही रंगाचा शेष मागे राहतो. प्रवेश, विस्तार आणि शेष हा जो घोटातील क्रम वर सांगितला, तोच येथे दृष्टीच्या अनुभवाचा क्रम होतो. रॉथकोला वाइन सुचवावयाची होती असे यावरून म्हणता येत नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. रचनासादृश्य हेतूवर अवलंबून नसते.

मात्र या सादृश्याची मर्यादाही रॉथकोच्याच दुसऱ्या मालिकेतून स्पष्ट होते. हार्वर्ड विद्यापीठातील एका भोजनकक्षात १९६४ मध्ये लावलेल्या त्याच्या चित्रांतील लिथॉल रेड हे रंगद्रव्य सूर्यप्रकाशाने विटले. १९७९ मध्ये चित्रे काढून ठेवावी लागली, आणि २०१४ मध्ये त्यांच्यावर संगणकनियंत्रित प्रकाश टाकून मूळ रंगाचा आभास निर्माण करण्यात आला. वाइनचा लाल विटकरी होतो तेव्हा त्याला परिपाक म्हणतात. चित्राचा लाल विटतो तेव्हा त्याला हानी म्हणतात. दोन्हीकडे रंगद्रव्यावर काळाचे कार्य घडते. पण वाइनच्या स्वभावात काळ अंतर्भूत असतो, तर चित्राच्या द्रव्यावर तो बाहेरून आघात करतो. चित्र वाइनचा क्रम धारण करू शकते, तिचे वय होणे मात्र धारण करू शकत नाही.

७

या विवेचनातून समीक्षेच्या दृष्टीने काय निष्पन्न होते? भरताने रसाची संकल्पना स्पष्ट करताना निरनिराळी व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून होणाऱ्या रसनिष्पत्तीचा दृष्टान्त दिला, आणि अभिनवगुप्ताने पानकरसाचे उदाहरण विशद केले. पानकात गूळ, मिरी इत्यादी द्रव्यांच्या चवी वेगवेगळ्या लागत नाहीत. त्यांच्या संयोगातून एक निराळा आस्वाद उत्पन्न होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा दृष्टान्त कोणत्याही एका चवीवर आधारलेला नाही. नाट्य गोड आहे किंवा तुरट आहे, असे भरताला म्हणावयाचे नव्हते. संयोगाची रीत दोन्हीकडे सारखी आहे, एवढेच त्याला दाखवावयाचे होते. म्हणजे मराठी समीक्षेने ज्या परंपरेकडून चवीची परिभाषा घेतली, ती परंपरा मुळात रचनासादृश्याची आहे. उत्तरकाळात तिचे गुणसादृश्यात रूपांतर झाले.

हे रूपांतर आजच्या ग्रंथपरीक्षणांत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत सारखेच दिसते. ‘रसरशीत अनुभव’, ‘खुसखुशीत शैली’, ‘खमंग विनोद’, ‘रसाळ निवेदन’ हे शब्दप्रयोग विनिमय-कसोटीला लावून पाहावेत. एका कादंबरीच्या परीक्षणातून ‘रसरशीत’ हा शब्द उचलून दुसरीच्या परीक्षणात ठेवला असता काहीच बिघडत नसेल, तर तो शब्द त्या कादंबरीविषयी काही सांगत नाही. १९७३ च्या बाटलीवरील मदिरोत्सवासारखा तो कृतीच्या बाहेरून आलेला असतो. तो चुकीचा असतोच असे नाही. त्याचा कृतीशी संबंध नसतो, हा त्याचा दोष. तसेच बोर्दोच्या प्रयोगात रंगाने जशी शब्दांची निवड केली, तशी समीक्षेत लेखकाचे नाव, वाङ्मयप्रकार किंवा प्रवाहाचे लेबल शब्दांची निवड करते. ग्रामीण कथा म्हटली की ‘मातीचा गंध’ येतो. प्रत्यक्ष कथेत तो आहे किंवा नाही, हे तपासले जात नाही. त्या विद्यार्थ्यांपुढील पेल्यात जसा केवळ रंग मिसळलेला होता, तसेच येथे घडते.

याचा अर्थ समीक्षेने चवीची परिभाषा टाकून द्यावी, असा नव्हे. ती टाकणे म्हणजे आस्वादाचा अनुभवच नाकारणे होईल. एवढेच अपेक्षित आहे की, असा शब्द वापरणाऱ्याने त्यामागील क्रम आणि संबंध दाखवावेत. एखादी कविता तुरट वाटते असे म्हणावयाचे असेल, तर तिच्यात माधुर्याची अपेक्षा कोठे निर्माण होते, कोणत्या शब्दापाशी ती रोखली जाते, आणि तो कोरडेपणा शेवटच्या ओळीनंतर किती काळ टिकतो, हे दाखविता आले पाहिजे. ते दाखविले की ‘तुरट’ हा शब्द त्या कवितेपासून काढून दुसरीला लावता येत नाही. वर्गात काव्य शिकविताना ही कसोटी सहज योजता येण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने लिहिलेले विशेषण त्याच कवीच्या दुसऱ्या कवितेला लावून पाहावे, आणि ते तेथेही तितकेच बसत असेल तर ते पुन्हा लिहावयास सांगावे.

उत्तम लाल वाइनचा स्वभाव चित्रात उतरू शकतो काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून तीन गोष्टी सांगता येतील. एखाद्या विशिष्ट वाइनचे व्यक्तिमत्त्व चित्र एकट्याने व्यक्त करू शकत नाही. त्यासाठी त्याला वर्षाचा आकडा आणि शब्द यांची जोड लागते. रंगाचे साम्य साहचर्य जागे करते. पण ते अभिव्यक्तीची खात्री देत नाही. अनुभवाचा क्रम आणि त्यातील घटकांचा तोल मात्र चित्र स्वतःच्या माध्यमात धारण करू शकते, आणि जेथे ते तसे करते तेथे इंद्रियांतर ही केवळ बोलण्याची रीत न राहता प्रत्यक्ष घटना होते. साहित्यकृतीविषयी चवीच्या शब्दांत बोलणाऱ्या समीक्षेचेही मूल्यमापन याच तिसऱ्या गोष्टीच्या आधारे करावे लागेल.